अंदाजपंचे दाहोदरसे? ढोबळ हिशेबाची पहिली उजळणी

‘बावीस पंचे दाहोदरसे’ ही जुन्या पाढ्यांतली ओळ. बावीस गुणिले पाच, एकशे दहा. ज्या पोराला बावीस आठवेना त्यानं त्या जागी ‘अंदाज’ दडपून दिला आणि मराठीला ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ मिळालं, असं मी तरी ऐकत आलोय. अंदाज या शब्दाकडे आपण संशयानं बघतो ते बहुधा तेव्हापासून. पण त्या पोराची चूक नीट बघा. त्याचं उत्तर एकदम ठाम होतं, फक्त आत काय घातलं ते त्याला माहीत नव्हतं. ढोबळ हिशेब याच्या बरोबर उलटा. आत काय घातलं ते कागदावर उघडं मांडलेलं असतं आणि उत्तर मात्र सैल असतं. हा लेख त्या हिशेबाबद्दल आहे, आणि शाळा सुटली तशी ज्यांनी गणिताला रामराम ठोकला त्यांच्यासाठी आहे. गुणाकार-भागाकार आला की पुरे. कागद म्हणून वीजबिलाची मागची बाजू चालते.

माझा गणिताशी संबंध इतकाच की पुण्याच्या एका उपनगरात ६० फ्लॅटच्या सोसायटीचा मी खजिनदार आहे. तेही सभेला उशिरा पोचलो म्हणून.

हा आकडा कशाला हवाय, ते आधी ठरवा

एका एप्रिलमधली सभा. महिनाभर रोज टँकर चालू होते आणि सगळे वैतागले होते. पावसाचं पाणी साठवण्याची यंत्रणा विकणारे एक गृहस्थ आले, लॅपटॉपवर रंगीत चित्रं दाखवली आणि म्हणाले, चार लाख रुपये घाला, टँकर कायमचे बंद. अर्धी सभा लगेच हो म्हणाली. उरलेली अर्धी नाही म्हणाली, कारण सोसायटीत जोशी-पाटील वाद होता. आकडा कुणाकडेच नव्हता.

इथे नवखा माणूस काय करतो? मोबाइल काढून ‘पुण्यात पाऊस किती’ शोधायला लागतो. थांबा. पाऊस किती, हा आपला प्रश्नच नाही. आपला प्रश्न असा: या पाण्यानं टँकरचे किती दिवस वाचतील? आणि त्याच्याही आधी एक ओळ लिहून टाकायची की किती दिवस वाचले तर मी हो म्हणेन. मी लिहिलं, ‘तीन महिने भागले तर डोळे मिटून हो. महिन्याच्या आत असेल तर चार लाख नाही.’ ही ओळ हिशेबाच्या आधी लिहायची असते. नंतर लिहिली तर मन आलेल्या उत्तराला साजेशी अट शोधून काढतं. स्वतःच्या बाबतीत मी हे इतक्यांदा पाहिलंय की आता तारीख घालून लिहितो.

मोठ्या प्रश्नाचे तुकडे करा

‘गच्चीवरचं पाणी किती दिवस पुरेल’ याचं उत्तर कुणालाच येत नाही. पण याचे तुकडे सगळ्यांना येतात. गच्ची केवढी? पाऊस किती? त्यातलं हाती किती लागेल? आणि रोज लागतं किती?

दोन इमारतींच्या गच्च्या मिळून ७,००० चौरस फूट, म्हणजे सुमारे ६५० चौरस मीटर. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. आता एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. मग ६५० गुणिले ७००, साडेचार लाख लिटर. काही सुकतं, काही पहिल्या पावसात घाण धुऊन जातं, काही ओसंडतं. वीस टक्के सोडून द्या. राहिले ३ लाख ६० हजार लिटर. ऐकायला केवढं मोठं! विक्रेत्यानंही हाच आकडा दाखवला होता, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आता दुसरी बाजू, जी त्यानं दाखवली नव्हती. ६० घरं, घरटी चार माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या आराखड्यांत माणशी हाच आकडा धरतात. गुणाकार केला की रोजचे ३२,४०० लिटर. ३ लाख ६० हजारांना ३२ हजारांनी भागा. अकरा दिवस.

वर्षभराचा पाऊस, अकरा दिवसांचं पाणी.

सभेत जरा शांतता झाली. मग एक काका म्हणाले, ‘तुझे आकडे चुकीचे असतील.’ असतीलच. पण किती चुकीचे? दुप्पट चुकले असं समजू. मग बावीस दिवस. तरी महिन्याच्या आतच. म्हणजे आकडे आणखी घोटून बारीक करण्यात अर्थ नाही, निर्णय बदलत नाही. हिशेब केव्हा थांबवायचा याची माझी खूण हीच: उत्तर दुप्पट किंवा निम्मं करून बघायचं, आणि निर्णय तोच राहिला तर पेन खाली ठेवायचं.

पैशांतही तेच निघालं. ३६ हजार लिटर नव्हे, ३ लाख ६० हजार लिटर म्हणजे दहा हजारी ३६ टँकर (सभेत शून्य एकदा माझ्याकडूनही गळालं होतं). टँकर तेव्हा हजाराला पडत होता. वर्षाला ३६ हजार वाचले तर चार लाख वसूल व्हायला अकरा वर्षं. शिवाय हे पाणी पडतं जून ते सप्टेंबरात, जेव्हा टँकर तसाही येत नाही. शेवटी गच्चीचे पाइप गाळणीतून बोअरला जोडायचं साधं काम लाखाच्या आत केलं. जमिनीत पाणी मुरवणं चांगलंच आहे. ‘टँकर कायमचे बंद’ एवढंच खरं नव्हतं.

तुकडे करण्याच्या या पद्धतीला एन्रिको फर्मी या इटालियन-अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाचं नाव चिकटलंय, आणि त्याला कारण आहे. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली तेव्हा तो सोळा किलोमीटरवर उभा होता. धमाक्याची लाट पोचायला चाळीसेक सेकंद लागली. त्या क्षणी त्यानं हातातले कागदाचे कपटे खाली सोडले, आणि ते अडीच मीटर सरकले एवढ्यावरून म्हणाला, दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढा स्फोट. नंतरच्या मोजमापात स्फोट २० हजार टनांच्या वर भरला. म्हणजे अंदाज निम्माच होता. पण त्याच शास्त्रज्ञांनी आधी आपापसांत लावलेल्या पैजेत शून्यापासून ४५ हजार टनांपर्यंत आकडे होते, हे लक्षात घेतलं की कपट्यांची किंमत कळते.

खिशात काही आकडे ठेवा

दर वेळी मोबाइल काढावा लागला तर विचाराची लय तुटते. थोडे आकडे पाठ असावेत. माझे असे आहेत. देशाची लोकसंख्या १४० कोटी, महाराष्ट्राची साडेबारा-तेरा कोटी. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे लाखाला थोडे कमी. महिन्याचे तास ७२०. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. एक गुंठा १,०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर, आणि एकर म्हणजे चार हजार चौरस मीटर. वाळू-खडीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो.

अंगावरची मापंही मोजून ठेवा. माझी वीत साडेआठ इंच आहे, चार बोटं जेमतेम सात सेंटिमीटर, आणि सहज टाकलेलं पाऊल अडीच फूट. फर्निचरच्या दुकानात टेप मागावी लागत नाही.

लाख-कोटी आणि मिलियन-बिलियन यांची गल्लत मात्र जपा. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. परदेशातली बातमी मराठीत येताना या जागी शून्यं गळतात किंवा वाढतात. लिटर की घनमीटर, एकर की हेक्टर, महिन्याचा की वर्षाचा, हे प्रत्येक आकड्याशेजारी लिहायचं. कंटाळा आला तरी लिहायचं.

काहीच माहीत नसेल तेव्हा

माझा भाचा एसटी स्टँडजवळ वडापावची गाडी टाकायच्या विचारात होता. जागेचं भाडं २५ हजार. ‘मामा, दिवसाला किती जातील?’ मला काय माहीत? त्यालाही माहीत नव्हतं.

अशा वेळी मधला आकडा शोधू नका. दोन टोकं शोधा. दहाच्या वर नक्की जातील? हो. हजाराच्या खाली? हो, तो म्हणाला, एकट्याच्यानं तेवढे तळून होणारच नाहीत. आता दहा आणि हजार यांच्या मधलं काय? बेरीज करून निम्मे केलं तर ५०५ येतं, आणि ते फार वर आहे, कारण मोठा आकडा सरासरी आपल्याकडे ओढतो. दोन टोकांत इतका फरक असेल तेव्हा पटीत मधलं घ्यायचं: दहाच्या दहापट शंभर, शंभराच्या दहापट हजार. म्हणून सुरुवातीचा अंदाज शंभर.

मग उलटा हिशेब. वडापाव वीसला विकला तर सगळा माल, गॅस, तेल जाऊन हातात आठ रुपये राहतात असं धरलं. महिन्याचे २६ दिवस. म्हणजे रोजच्या एका वडापावामागे महिन्याला २०८ रुपये. भाडं २५ हजार आणि पोऱ्याचा पगार १५ हजार मिळून चाळीस हजार. भागाकार केला तर रोज १९२ वडापाव विकून हा नुसता सुटतो, घरी रुपया नेत नाही. स्वतःचे २५ हजार काढायचे तर ३१२.

शंभर आणि तीनशे बारा. पण शंभर हा आकडा आम्ही हवेतून आणला होता, तेव्हा त्याच्या जिवावर ‘नको’ म्हणणं बरोबर नव्हतं. भाच्याला म्हटलं, जा, समोरच्या चहाच्या टपरीवर बस आणि तिथल्या चालत्या गाडीचे वडे मोज. संध्याकाळी सहा ते सव्वासहा, चौदा गेले. तासाला ५६. गर्दीचे चार तास धरले तर सव्वादोनशे, सकाळचे आणखी शंभरेक. एकूण तीनशे पंचवीसच्या आसपास.

आता ही परिस्थिती गच्चीच्या पाण्यासारखी नाही, हे ओळखणं महत्त्वाचं. तिथं उत्तर अटीपासून मैलभर लांब होतं. इथं ३२५ आणि ३१२, अगदी कुंपणावर. ढोबळ हिशेबाचं काम इथं संपलं, आणि त्यानं सांगितलं काय, तर ‘आता नीट मोज.’ भाच्यानं तीन पूर्ण दिवस बसून मोजलं: एक सोमवार, एक बाजाराचा दिवस, एक रविवार. रविवारी निम्मेसुद्धा गेले नाहीत. त्यानं भाडं कमी करून मागितलं, मालकानं दिलं नाही, आणि गाडी दुसरीकडे लागली. ती कशी चालते ते वेगळं सांगावं लागेल.

आधी नजरेनं, मग मापानं, हा क्रम आपल्या महसूल खात्याला जुना आहे. पिकांची पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाला रुपया धरला तर यंदाचं पीक किती पैसे, ते ठरवताना आधी नजरअंदाज पैसेवारी लागते, मग सुधारित, आणि शेवटी पीककापणीचे प्रयोग धरून अंतिम. गाव पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर इतकी वर्षं किती काय ठरत आलंय, ते शेतकऱ्याला विचारा. कुंपणावरच्या गावांची भांडणंही तिथंच होतात.

दुसऱ्या वाटेनं या, आणि फरक पडला तर खूश व्हा

हा भाग मला सगळ्यात आवडतो.

एकाच उत्तराकडे दोन वेगळ्या वाटांनी यायचं. दोन्ही उत्तरं जवळ आली तर बरंच. नाही आली तर आणखी बरं, कारण मग काहीतरी सापडणार असतं.

आमच्या सोसायटीला रोज ३२ हजार लिटर लागायला हवेत, हा झाला माणसांवरून काढलेला अंदाज. दुसरी वाट बिलांची. पालिकेच्या मीटरचं पाणी अधिक टँकर, भागिले तीस. एप्रिलचा हिशेब लावला तर आकडा आला रोजचे ५० हजार. अठरा हजारांचा फरक. वीस-पंचवीस टक्के फरक मी सोडून दिला असता. पाहुणे असतात, गाड्या धुतात, कुणाकडे पाच माणसं असतात. पण दीडपटीहून जास्त? म्हणजे एक तर माणशी २०० लिटर वापरतोय, नाहीतर पाणी कुठंतरी जातंय.

वॉचमन आणि मी रात्री एक वाजता एका इमारतीच्या गच्चीवर चढलो. टाकी चार मीटर बाय तीन मीटर. बांबूवर खडूनं पाण्याची रेघ मारली, पंप बंद ठेवला. चार वाजता पुन्हा चढलो. इमारत गाढ झोपलेली, नळ सगळे बंद, आणि पाणी चार बोटं खाली गेलेलं. चार बोटं म्हणजे सात सेंटिमीटर. बारा चौरस मीटर गुणिले ०.०७, म्हणजे ८४० लिटर, तीन तासांत. तासाला २८०. चोवीस तासांचे ६,७००, आणि दोन इमारतींचे मिळून तेरा हजारांच्या वर. अठरातले तेरा सापडले. वॉचमनच्या हातात बॅटरी होती, तो टाकीत वाकून बघत म्हणाला, ‘साहेब, कुणी पीत असेल का?’

पीत होते संडासातले फ्लश. दुसऱ्या दिवशी घरोघर फ्लशच्या टाकीत हळद टाकून बघितलं. न ओढताच ज्यांच्या भांड्यात पिवळं उतरलं अशी सतरा घरं निघाली. एका वॉशरची किंमत मी इथं लिहीत नाही, चार लाखांपुढे ती लिहायला लाज वाटते.

हीच युक्ती पेपर वाचताना करून बघा. पावसाळ्यात टीएमसी हा शब्द रोज येतो. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, लिटरमध्ये २,८३१ कोटी. पुण्यात ४० लाख माणसं धरा, माणशी १५० लिटर, म्हणजे रोजचे ६० कोटी लिटर, वर्षाचे सुमारे २१,९०० कोटी. टीएमसीत पावणेआठ. लोकसंख्या ६० लाख धरली तरी साडेअकराच. पण शहर धरणांतून वर्षाला पंधरा टीएमसीच्या वर पाणी उचलतं. खडकवासला साखळीतल्या चारही धरणांची मिळून क्षमता २९ टीएमसी आहे, त्यातलं निम्म्याहून जास्त. मग मधलं पाणी कुठं जातं? गळती, कंपन्या आणि हॉटेलं, समाविष्ट गावं, रोज येऊन-जाऊन करणारी माणसं, असं सगळं त्यात आहे. कशाचा वाटा किती, ते या हिशेबानं कळत नाही. पण ‘पाऊस कमी पडला’ एवढ्या एका वाक्यावर आता समाधान होत नाही.

दुसऱ्यांचे आकडे ऐकताना

सभेला दहा लाखांचा जनसागर लोटला, असं कुणी सांगितलं की आधी मैदान विचारा. दादरचं शिवाजी पार्क सुमारे १ लाख १३ हजार चौरस मीटरचं आहे, म्हणजे बारा लाख चौरस फूट. अमेरिकेत बर्कलेला हर्बर्ट जेकब्स नावाचे पत्रकारितेचे प्राध्यापक होते. १९६० च्या दशकात विद्यार्थ्यांची आंदोलनं त्यांना खिडकीतून दिसत, आणि फरशांच्या चौकोनांवरून त्यांनी गर्दीचा हिशेब बसवला: माणसं हातभर अंतरानं उभी असतील तर माणशी दहा चौरस फूट, दाटीवाटीनं असतील तर साडेचार. या मापानं अख्खं शिवाजी पार्क सैल भरलं तर सव्वा लाख, गच्च भरलं तर पावणेतीन लाख. दहा लाख बसवायचे तर फुटाच्या एका फरशीवर एक माणूस उभा करावा लागेल, आणि स्टेज कुठं घालायचं ते आणखी वेगळं. बाकीचे आसपासच्या रस्त्यांवर होते म्हणाल तर रस्ते मोजू.

मोठ्या रकमा माणशी करून बघाव्यात. एक लाख कोटींची योजना ऐकून छाती दडपते. १४० कोटींनी भागा, माणशी सातशे रुपये. मग ती मोठी की छोटी ते तुम्ही ठरवा.

आणि पैसे दुप्पट करून देणारे. बहात्तरला व्याजदरानं भागलं की दुपटीला लागणारा काळ येतो. सात टक्क्यांची ठेव दहा वर्षांत दुप्पट होते. आता कुणी ‘महिन्याला पाच टक्के’ देतो म्हणाला तर ७२ भागिले ५, साडेचौदा महिने. दीड वर्षाच्या आत दुप्पट! ऐकायला बरं वाटतं, म्हणून थोडं पुढं चला. सात वर्षांत जवळजवळ सहा दुपटी होतात, एका लाखाचे साठेक लाख. चौदा वर्षांत त्याचे पुन्हा तितकेच पट, म्हणजे पस्तीस-चाळीस कोटी. ज्याला ही विद्या येते तो तुमच्या लाखासाठी दारात चहा पीत का बसलाय? माझ्या एका नातेवाइकाला हे मी सांगितलं तेव्हा त्यांचे पैसे जाऊन तीन महिने झाले होते.

स्वतःच्या कामाचा अंदाज मात्र दुसऱ्याकडून घ्या

आपल्याच कामाला किती दिवस आणि किती पैसे लागतील, यात तुकड्यांची पद्धत फसते. कारण आठवतात ते तुकडे आपण मोजतो, आणि न आठवणाऱ्यांचं बिल नंतर येतं. वांद्रे-वरळी सागरी सेतूचा सुरुवातीचा अंदाज ६६० कोटींचा होता. काम २००० साली सुरू झालं, ३० जून २००९ ला उद्घाटन झालं, तोवर खर्च १,६०० कोटींच्या घरात गेला होता. त्या कामावर कसलेले अभियंते होते. मी स्वयंपाकघराचा ओटा बदलायला दोन लाख आणि वीस दिवस धरले होते. सव्वातीन लाख आणि दीड महिना लागला, आणि त्या दीड महिन्यातले अठरा दिवस प्लंबरची वाट बघण्यात गेले. माझ्या यादीत ‘प्लंबरची वाट बघणे’ हे कलमच नव्हतं.

उपाय सोपा आहे. यादी बाजूला ठेवा आणि नुकतंच तेच काम केलेल्या तीन घरी जाऊन विचारा: शेवटी किती लागले? ‘किती सांगितले होते’ हे विचारू नका.

सभेत अंदाज घ्यायचा असेल तर बोलण्याआधी चिठ्ठ्यांवर लिहून घ्या. अध्यक्षांनी एकदा ‘पाचेक लाख लागतील’ म्हटलं की पुढचे सगळे साडेचार ते साडेपाचच्या मध्ये घुटमळतात. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जत्रेत एका बैलाचं वजन ओळखायची स्पर्धा होती. फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञानं तिथल्या ७८७ चिठ्ठ्या मिळवून पुढच्या वर्षी त्यांचा हिशेब छापला. चिठ्ठ्या क्रमानं लावल्यावर मधोमध आलेली होती १,२०७ पौंडांची. कापून साफ केलेल्या बैलाचं खरं वजन १,१९८. प्रत्येकानं आपापली चिठ्ठी लिहिली होती, म्हणून हे जमलं.

हे कुठं करू नये

पोराच्या तापाच्या औषधाचा डोस, घरातल्या वायरिंगवरचा भार, स्लॅबमधली सळई, कर्जाच्या कागदावरची रक्कम. इथं डॉक्टर, इलेक्ट्रिशियन, इंजिनिअर आणि चष्मा लावून वाचणं, याला पर्याय नाही. ढोबळ हिशेब इथंही एकाच कामाचा: त्यांनी सांगितलेला आकडा दहापट चुकलेला वाटला तर पुन्हा एकदा विचारायला.

सरावाला सोपं काय

गॅसचा सिलिंडर. १४.२ किलोचा. नवा लावला की कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत किती दिवस जाईल ते लिहायचं, आणि संपला की शेजारी खरे दिवस. महिन्या-दोन महिन्यांत आपली परीक्षा आपोआप होते, आणि पेपर तपासायला कुणी लागत नाही. माझा पहिला अंदाज तीस होता, गेला ४४ दिवस. दुसऱ्या वेळी ४५ लिहिले, ५२ गेला, कारण आठवडाभर आम्ही गावी होतो. तिसऱ्या वेळी गाव धरलं, पण दिवाळीचा फराळ धरला नाही. आत्ताचा गेल्या मंगळवारी लावलाय. मी ४८ लिहून ठेवलेत. ही म्हणते, मे महिन्यात तुझी बहीण येणार आहे ते धरलंस का? खोडून ४२ केलेत.